टोळी न्हाय, तालीम हाय

अक्का,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला तुमच्या भाच्यानं माझ्या हातात माइक दिला. "तुमी आत्तीबरोबर काम केलंय, दोन शब्द बोला की," म्हणाला. समोर पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट आणि मध्ये तुमचा फोटो. तोही ओळखपत्रावरचा मोठा केलेला, म्हणजे कुणावर तरी खेकसायच्या बेतात असलेल्या तुम्ही. मी म्हणालो, "सुमनअक्का फार प्रेमळ होत्या, मनमिळाऊ होत्या, त्यांच्या जाण्यानं आमच्या कक्षाचं मोठं नुकसान झालं." आणि खाली बसलो.

कसलं प्रेमळ आणि कसलं मनमिळाऊ! शेवटचे दोन महिने तुम्ही माझ्याशी धड बोलत नव्हता. माझ्या टेबलाकडं पाठ करून डबा खात होता. ऑफिसातल्या निम्म्या लोकांशी तुमचं वाजलेलं, आणि उरलेले निम्मे तुम्हाला येताना बघून दुसऱ्या जिन्यानं जायचे. हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. माणूस गेलं की आपण त्याचे कंगोरे घासून टाकतो. मला ते बघवत नव्हतं आणि घासत मीच होतो.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवतो, विसरतो, पातेलं करपतं, पुन्हा ठेवतो. रंकाळ्याला फेरी मारायला जातो आणि अर्ध्यातून परत येतो. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. डॉक्टर काय बघणार? जे सांगायचं होतं ते तुम्हाला सांगायचं होतं आणि तुम्ही गेलात. म्हणून आता लिहितोय. मध्ये तोंड घालायची सोय तुम्हाला उरलेली नाही, एवढाच काय तो माझा फायदा.

पहिल्या दिवशी तुम्ही मला वायरमन समजला होता. पोलीस मुख्यालयातल्या आपल्या कक्षात मी सर्व्हरच्या मागं ओणवा होऊन वायरी जोडत होतो. "पावणं, पंख्याचं पण बघून जावा," म्हणालात. मी उठून ऐटीत सांगितलं, मी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. कंत्राटी असलो तरी ऐट कायमची होती. जुन्या गुन्ह्यांची सगळी माहिती संगणकात घालायची आणि गडबड कुठं, कधी, कोण करेल याचा अंदाज काढायचा, असं माझं काम आहे म्हणालो. तुम्ही खुर्ची ओढून बसलात, गुडघे चोळलेत आणि विचारलंत, "मग तीस वरसं आमी काय करत हुतो?"

त्या गुडघ्यांमुळंच तुम्हाला बंदोबस्तातून काढून आमच्या कक्षात बसवलं होतं. जुनी रजिस्टरं वाचून दाखवायची, बस. तीस वर्षांतल्या हवालदारांची अक्षरं, त्यातली निम्मी पावसात भिजून पसरलेली. ती वाचणारं माणूस तुम्हीच. तुम्ही वाचायचं, मी टाइप करायचं. पण तुम्ही नुसतं वाचाल तर शपथ! एक नाव वाचलं की पुढं तुमची तळटीप. "ह्येचं लगीन झालं, आता सरळ वागतोय." "हिची फिर्याद खरी हुती, पर सासऱ्यानं मागं घ्यायला लावली." "ह्यो त्यो न्हवंच, नाव सारखं म्हणून धरलंता." मी वैतागून म्हणायचो, अक्का, जे लिहिलंय तेवढंच सांगा, बाकीच्याला रकाना नाही. "मग रकाना काढ की! इंजिनेर हाईस न्हवं?" मी हसायचो. मला ते खरंच विनोदी वाटायचं.

तुमचं ऐकलं तेव्हा काय झालं तेही मला आठवतं. गळ्यातली गंठणं ओढून पळणाऱ्यांनी शहर हैराण केलं होतं. मी सगळ्या फिर्यादी नकाशावर घातल्या आणि वेळ काढली, सकाळी दहा ते बारा. साहेबांनी दहा ते बारा गस्त वाढवली. आठवडाभर काही हाती लागलं नाही. तुम्ही एकदा माझ्या पडद्यात डोकावून म्हणालात, "आरं, ही फिर्याद लिवायची येळ हाय. बाईचं गंठण सकाळी साडेसहाला गेलं. मग ती घरला आली, रडली, पोरांचा डबा करून दिला, नवऱ्याच्या शिव्या खाल्ल्या, मग ठाण्यात आली." आम्ही सगळ्या फिर्यादी पुन्हा वाचल्या, आतल्या मजकुरातून खरी वेळ काढली. पहाटे फिरायला जाणाऱ्या बायका. गस्त साडेपाचला सुरू झाली आणि चार दिवसांत दोघं सापडले. साहेबांनी सत्कार माझा केला. तुम्ही मागं उभ्या राहून टाळ्या वाजवल्यात, आणि खाली येताना म्हणालात, "तुझं डबडं चांगलं हाय. त्येला फकस्त डबा करणारी बाई ठावं न्हाय." मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला होता, आणि मी तो सांगितला नाही.

मग गणपती जवळ आले आणि यादीचं काम आलं.

सणाआधी गडबड करतील अशा लोकांना नोटीस द्यायची, शांतता राखेन म्हणून लिहून घ्यायचं, ही आपली जुनी पद्धत. पूर्वी गेल्या सालची यादी काढून नवी तारीख टाकायचे. यंदा साहेब म्हणाले, यादी संगणक देईल. मी महिनाभर खपून प्रोग्राम केला. दोन माणसांचा पत्ता एक असेल, मोबाइल नंबर एक असेल किंवा गुन्हा एक असेल, तर त्यांच्यात एक रेघ. ज्याच्या रेघा जास्त, त्याचे धोक्याचे गुण जास्त. चालवला आणि माझे डोळे फिरले. शिवाजी पेठेत एकाच पत्त्यावर साठ-सत्तर जण, सगळे एकमेकांना जोडलेले, आणि सगळ्यांच्या मधोमध एक माणूस. प्रशांत. इतक्या रेघा कुणालाच नव्हत्या. मी ते मोठ्या पडद्यावर साहेबांना दाखवलं. लाल गोल, पांढऱ्या रेघा. म्हणालो, ही संघटित टोळी आहे आणि हा म्होरक्या. साहेब पुढं सरकून बसले.

आणि मागून तुमचं हसू आलं. साधं हसू नाही, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. साहेब वळून बघायला लागले.

"आरं येड्या," साहेब बाहेर पडल्या पडल्या तुम्ही म्हणालात, "ही टोळी न्हाय, तालीम हाय!"

मग तुम्ही मला समजावलं. मी गगनबावड्याचा, आमच्याकडं वर्षातले चार महिने घराबाहेर पडता येत नाही, फुटबॉल कुठला आणि तालीम कुठली. पेठेत तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही, तुम्ही सांगितलंत. तोच फुटबॉलचा संघ, तेच गणपतीचं मंडळ, रक्त पाहिजे असलं तरी माणूस तिथंच धावतो. मॅचमध्ये बाचाबाची झाली की दोन्ही बाजूंची पोरं ठाण्यात आणतात. पत्ता विचारला की पोरगं घरचा पत्ता सांगत नाही, तालमीचा सांगतं. का? तर नोटीस घरी गेली तर आई रडेल आणि बाप मारेल. तालमीत गेली तर कोणीतरी खिशात घालून आणून देईल. "सगळी पेठ असंच करती. माझ्या हातनं शंभर डाव लिवलंय मी, राहणार अमुक तालीम." आणि प्रशांत? तो गोलकीपर, शिवाय तालमीचा सेक्रेटरी. मिरवणुकीची परवानगी, स्पीकरची परवानगी, मैदानाची परवानगी, प्रत्येक अर्जावर त्याची सही आणि त्याचा नंबर. "कायद्यानं वागायचं म्हणून ज्यो अर्ज करतो, त्योच तुझ्या डबड्याला म्होरक्या दिसाय लागला व्हय?"

मी काय म्हणालो ते तुम्हाला पाठ होतं. नंतर तुम्ही माझ्या आवाजाची नक्कल करून ते दहादा ऐकवलंत. मी म्हणालो, "अक्का, डेटा खोटं बोलत नाही."

यादी त्याच दिवशी संध्याकाळी गेली. मी थांबवू शकलो असतो. साहेबांनी मला विचारलंही, त्या बाई हसत का होत्या? मी म्हणालो, त्यांना तांत्रिक भाग कळला नाही सर. हे तुम्हाला कधीच कळलं नाही, म्हणून आज सांगतो. यादी तशी गेली ती तुमचं म्हणणं मी साहेबांपर्यंत पोचू दिलं नाही म्हणून.

नोटीस म्हणजे काय मोठं, मी स्वतःची समजूत घालत होतो. एक सही करायची, हमी द्यायची आणि घरी जायचं. कुणाला आत टाकत नाहीत. गणपती शांततेत पार पडले, तेव्हा साहेबांनी तेच लाल गोल वरच्या बैठकीत दाखवले आणि शाबासकी घेऊन आले. मलाही प्रशस्तिपत्र मिळालं. आईनं ते गगनबावड्याच्या घरात देवाशेजारी लावलं.

आणि मग एका दुपारी तुम्ही प्रशांतला घेऊन आलात. मैदानात ज्याच्या नावानं पेठ बेंबीच्या देठापासून ओरडते, तो खुर्चीच्या टोकावर बसला होता, मांडीवर प्लास्टिकची फाइल. एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलात त्याची निवड झाली होती. शारीरिक चाचणी झाली, कागद झाले. चारित्र्य पडताळणीत आपल्याकडून शेरा गेला, प्रतिबंधात्मक कारवाई झालेली आहे. नेमणूक तिथंच अडकली. वय वाढत चाललेलं, पुढच्या भरतीला बसता येणार नव्हतं. 

"सायेब, मी केलंय काय, तेवढं सांगा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हणालो, "तुम्ही काही केलंय असं सिस्टीम म्हणत नाही. शक्यता दाखवते."

"कसली शक्यता?"

मी कीबोर्ड पुढं ओढला. मी म्हणालो, नाव काढायला वरून आदेश लागतो, माझ्या हातात नाही. तुम्ही माझ्याकडं बघत होता. आदेश वरून लागतो हे खरं. पण तो आदेश माझ्या अहवालावर निघतो, चूक झाली असं मी लिहून दिलं की निघतो, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. तो गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "चार ओळी लिवून दे." मी म्हणालो, बघतो.

आता ऐका, अक्का. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तासभर आधी आलो. तालमीचा पत्ता काढून टाकला, परवानगीच्या अर्जांवरचे नंबर काढून टाकले आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. टोळी नाहीशी झाली. सगळे गोल सुटे सुटे झाले, पडद्यावर कुठंकुठं दोन भाऊ तेवढे एका रेघेनं जोडलेले राहिले. प्रशांतच्या नावावर उरली एकच नोंद, कॉलेजात असताना मॅचमध्ये रेफरीवर ओरडल्याची. त्याला गुण असे काही उरलेच नाहीत. मी ती खिडकी बंद केली. तुम्ही आलात तेव्हा गुड मॉर्निंग म्हणालो.

म्हणजे तुम्ही रोज "लिवलंस का?" विचारत होता, तेव्हा तुम्हाला वाटायचं, या शहाण्याला अजून पटलेलं नाही. मला पहिल्याच दिवशी पटलं होतं. मी भ्यालो होतो. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं, पुढं वाढवायचं की नाही ते साहेबांच्या शेऱ्यावर. साहेबांनी जे चित्र मिरवलं ती फुटबॉलची टीम होती, असं मी लेखी कसं देणार होतो? रोज ठरवायचो, आज लिहू. रोज दुसरं काहीतरी काम काढून बसायचो. तुम्ही चिडत गेलात, आणि मी तुमच्यावर चिडत गेलो, कारण तुमच्यावर चिडणं जास्त सोपं होतं.

त्यातच ते भांडण झालं. डब्याच्या वेळी तुम्ही तुमच्या थोरल्या भावाचं सांगितलंत. गडहिंग्लजकडं तुमच्या गावात कुणाची पाण्याची मोटर चोरीला गेली की पोलिसांची गाडी पहिली बौद्धवाड्यात थांबायची. एकदा दादांना नेलं, दोन दिवस ठेवलं, काही सापडलं नाही म्हणून सोडलं. मोटर नंतर मालकाच्या पुतण्याकडंच निघाली. पण दादांचं नाव वहीत राहिलं. दर निवडणुकीला, दर जत्रेला बोलावणं. "धुतलेला एक सदरा खुंटीला कायम अडकिवलेला असायचा त्येचा, ठाण्यात जायाचा म्हणून," तुम्ही म्हणालात. "मी भरती झालो ती कशापायी? म्हटलं, वहीच आपल्या हातात घ्यावी."

आणि मी, भाकरी तोंडात असताना, म्हणालो, "अक्का, तुमच्या भावाचं प्रकरण यात आणू नका. हे टेक्निकल आहे."

तुम्ही डबा मिटलात. खर्ड्याची वाटी माझ्याकडं सरकवलेली होती, तीही उचललीत. त्या दिवसापासून तुमची पाठ.

ते वाक्य मी किती वेळा परत घेतलं असेल मनात! जिना चढताना, गाडी चालवताना, अंघोळ करताना. तुमच्यासमोर मात्र एकदाही नाही. तुम्ही आजारी पडलात, रजेवर गेलात, मग दवाखान्यात असल्याचं कळलं. मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. काय तोंड घेऊन येणार होतो? शेवटी फोन तुम्हीच केलात. आवाज इतका बारीक झाला होता की मी आधी ओळखलाच नाही. पण पहिलंच वाक्य तुमचंच. "पेन हाय का हाताशी?"

म्हणालात, "पयली चूक माझी लिव. मी घरचा पत्ता विचाराय पायजे हुता. आई रडंल म्हणून पोरं तालमीचा सांगायची, आन मी लिवून मोकळी व्हायचो. मला ठावं असून लिवलं. आधी ते घाल, मग खाली तुझं घाल. म्हंजे तुझ्यावर सगळं यायचं न्हाय."

मी म्हणालो, "अक्का, आधी बऱ्या व्हा."

"माझी वाट बघत बसू नगो. प्रशांतला नगरपालिकेनं म्हैनाअखेरपतूरच मुदत दिलीया."

मी तुमचा भाऊ नाही, पोरगा नाही, दोन महिने अबोला धरलेला हा कंत्राटी माणूस, आणि तुम्ही त्या खाटेवरून माझी नोकरी वाचवायची वाट शोधत होता. फोन ठेवल्यावर मी स्वच्छतागृहात जाऊन रडलो. रडलो, तोंड धुतलं आणि तरीही लिहिलं नाही. चौथ्या दिवशी तुम्ही गेल्याचा निरोप आला.

परवा पुण्यानुमोदनाला प्रशांत आला होता. सकाळपासून खुर्च्या मांडत होता म्हणे. त्यानंच मला खिरीची वाटी आणून दिली. मी मान खाली घालून घेतली. तो शेजारी टेकला आणि म्हणाला, "सायेब, अक्कांनी सांगितलंय मला. तुमी लिवणार हाय म्हणून. म्हैनाअखेर हाय अजून, मी निवांत हाय." आणि थोड्या वेळानं येऊन पुन्हा तेच म्हणाला, निवांत हाय. त्याला किती निवांत वाटत असेल ते मला कळत होतं. त्यानंतरच माझ्या हातात माइक आला, आणि मी तुम्हाला मनमिळाऊ म्हणालो.

आज सकाळी साहेबांकडं गेलो. सगळं सांगितलं. तालीम, पत्ते, अर्ज, पुन्हा चालवलेला प्रोग्राम. साहेब वाईट माणूस नाहीत, अक्का, तुम्हीही तसं म्हणायचा. त्यांनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "पोराचं काम झालंच पाहिजे. पण असं करा, मूळ नोंदच चुकीची होती असं लिहा. पत्त्याच्या ठिकाणी घरचा पत्ता लिहिला गेला नाही. नोंद घेणाऱ्या कर्मचारी आता हयात नाहीत. म्हणजे कुणाचंच काही बिघडत नाही."

तुम्ही जे फोनवर सांगितलं होतं, नेमकं तेच. तुमची परवानगी होती, साहेबांची सूचना होती, प्रशांतचं काम होत होतं, माझं कंत्राट टिकत होतं. मी जागेवर येऊन ते टाइप केलं. प्रिंट काढली. वाचली. एकही शब्द खोटा म्हणता आला नसता.

सोबत मूळ नोंदीची प्रत जोडायची म्हणून रजिस्टर काढलं. तुमचं अक्षर. मोठं, गोल, शाळेतल्या बाईसारखं. राहणार अमुक तालीम, शिवाजी पेठ. आणि त्याखाली प्रशांतची सही, वर सांगितलेला पत्ता बरोबर आहे म्हणून. पुढची नोंद, तीच तऱ्हा. दहा पानं उलटली, प्रत्येकाखाली सही. पोरांनी सांगितलं, तुम्ही लिहिलं, पोरांनी सही केली. तुम्ही एक अक्षर पदरचं घातलं नव्हतं. पेठेतलं कुणीही ती नोंद वाचली असती तर त्याला कळलं असतं की हा पत्ता कशाचा आहे. टोळी त्या वहीत कुठंच नव्हती, ती मी तयार केली होती.

मग ती प्रिंट फाडली आणि दुसरी काढली. चारच ओळी. "मूळ नोंदी बरोबर आहेत. त्या नोंदींचा अर्थ लावताना माझ्याकडून चूक झाली. ही चूक हेड कॉन्स्टेबल सुमन यांनी त्याच दिवशी निदर्शनास आणून दिली होती, ती मी वरिष्ठांना कळवली नाही. सदर इसमाचे नाव यादीत माझ्या चुकीमुळे आले, ते काढून टाकावे." साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "विचार केलाय ना?" मी हो म्हणालो. "मार्चचं माझ्या हातात राहणार नाही मग." मी म्हणालो, माहीत आहे सर. त्यांनी सही केली. आवकला शिक्का बसला, आणि पडताळणीचा सुधारित शेरा दुपारच्या टपालात गेला. नगरपालिका काय करते ते आठवड्याभरात कळेल.

प्रशांतला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अक्कांचं नाव घातलंय व्हय त्यात?"

म्हणालो, घातलंय. पण चूक म्हणून नाही.

"बरं केलासा," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

तेव्हा तुम्ही जे सांगितलं ते मी केलं नाही, अक्का. पहिली चूक तुमची लिहायची होती, मी लिहिली नाही. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लई शाणा झालास!" आणि पुन्हा आठ दिवस पाठ करून बसला असता. बसा. मला चालेल. लिहून झालं तरी माझी घालमेल काही गेलेली नाही, आत्ताही दोनदा उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो.

एक मात्र अजून राहिलंय आणि ते कुठल्या अहवालात घालता येत नाही. तुमच्या भावाचं प्रकरण यात आणू नका, असं मी म्हणालो होतो. अक्का, यात दुसरं काही नव्हतंच. प्रशांतच्या खुंटीलाही तसाच एक धुतलेला सदरा लागणार होता, आणि तो अडकवणारा मी होतो. तुम्ही डबा मिटायच्या आधी, हात धरून थांबवून, मी हे तुम्हाला म्हणायला हवं होतं.